मॅडॉक्स तळ्यातला थारा

"ओढ बसायची वाट बघू नकोस, पोरी. दोरी हलकी झाली की समज, मासा आला."

हे वाक्य माझे वडील ऑर्व्हल हार्गिस यांनी मी लहान असताना मॅडॉक्स तळ्यावर मला सांगितलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. त्यांनी दिलेला नमुना माझ्यासमोर आहे आणि त्यात या वाक्याला जागा नाही. म्हणून ते आधी लिहून टाकलं. आता नमुन्याप्रमाणे.

मी, ट्रीव्हा लिन हार्गिस, वय अठ्ठेचाळीस, धंदा मासेमारीच्या जिग बांधणे व विकणे, राहणार ब्लँडफर्ड, पश्चिम केंटकी, पूर्ण शुद्धीत राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. काही जणांच्या मते गरजेपेक्षा जास्तच. येत्या एप्रिलच्या अखेरीस माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. ही झडप लहानपणच्या तापात बिघडली आणि तेव्हापासून ती माझ्याबरोबर कशीबशी चालली आहे. क्रॅपी मासे अंडी घालायला काठाशी येतात तोच नेमका हा आठवडा. डॉक्टर म्हणाले, योगायोगाने तीच तारीख मोकळी होती. मला योगायोग फारसे पटत नाहीत. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी माझ्या नावाचं दाखवलं तर ते खोटं समजावं आणि दाखवणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं.

कलम एक. ब्लँडफर्डमधलं माझं राहतं घर, मागची शेड आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, सगळं माझी मुलगी लॅसी हिला मिळावं. घर तिच्या एकटीच्या नावावर व्हावं. तिच्या मित्राच्या नावावर नाही. तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्याने माझ्याकडे तळलेले क्रॅपी तिसऱ्यांदा वाढून घेतले आणि अगदी सहज, बोटं चाटत विचारलं, "मिस ट्रीव्हा, तुम्ही सकाळी सकाळी नक्की जाता तरी कुठं?" इतक्या सहज विचारलेल्या प्रश्नामागे काय असतं हे मला कळतं. मी म्हटलं, "चर्चला." तो म्हणाला, "मंगळवारी?" मी म्हटलं, "मंगळवारी गर्दी नसते."

कलम दोन. शेडमधलं जिग बांधायचं सामान, म्हणजे शिसं ओतायचा साचा, गळ धरायची पकड, धाग्याची रिळं, पिसं, रंगाच्या बाटल्या आणि डॅडींची लांब काठी, हेही लॅसीला. मात्र पुढच्या गोष्टी तिने पाळाव्यात. हे कायद्याने बंधनकारक होत नाही, असं वकीलबाई सांगतात. मी तरीही लिहिते.

लॅसी, जिग म्हणजे शिशाचं डोकं आणि पिसांची शेपटी लावलेला साधा गळ. त्यात जादू काही नाही. जादू दोरीच्या गाठीत आहे. गाठ जिगच्या डोळ्याच्या, म्हणजे दोरी ओवायच्या कडीच्या, बरोबर वर सरकवून ठेव, म्हणजे जिग पाण्यात आडवी राहते, पोहणाऱ्या माशाच्या पिल्लासारखी. एकेक मासा निघाला की गाठ पुढे घसरते आणि जिग फाशी दिल्यासारखी लोंबते. लोक दिवसभर तशीच लोंबकळत ठेवतात आणि घरी येऊन वाऱ्याला दोष देतात. प्रत्येक माशानंतर गाठ बघ.

क्रॅपीचे डोळे वर बघणारे असतात. तो खाली वाकून खात नाही. जिग त्याच्या डोक्यावर थोडी राहू दे. खाली गेलीस तर तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. नाचवू नकोस. दुकानातले लोक सांगतील, हलव, झटके दे. ऐकू नकोस. माणसाचा हात आपोआप जेवढा थरथरतो तेवढं पुरतं. माझा तर जरा जास्तच पुरतो. गढूळ पाण्यात भडक रंग, नितळ पाण्यात मळकट. आणि मासा लागला की झटका मारायचा नाही, नुसती काठी उचलायची. त्याचं तोंड कागदासारखं असतं. रागात ओढलंस तर तोंड फाटून मासा जातो आणि तुझ्या हातात काही राहत नाही. हे वाक्य माशांपुरतंच आहे, असं तू समजू शकतेस.

आणि डॅडींचं वाक्य. क्रॅपी खालून येतो, जिग तोंडात घेऊन वरच जातो. म्हणून ओढ बसत नाही. उलट शिशाचं ते एवढंसं वजन दोरीवरून निघून जातं, दोरीला पोट पडतं. हाताला काही कळत नाही, डोळ्यांनी दोरीकडे बघत राहावं लागतं. ज्यांना फक्त ओढ कळते त्यांना वाटतं, काहीच घडलं नाही.

कलम तीन. माझे माजी पती रॉइस यांना, समोरच्या पाण्यातले मासे हलताना दाखवणारा तो यंत्राचा पडदा. त्यांनीच तो बोटीवर बसवला, त्याच्याकडे बघता बघता आमचं लग्न बुडवलं आणि जाताना न्यायचा विसरले. विसरले असं ते म्हणतात. मला वाटतं, मी कुठे जाते ते त्या यंत्रात नोंदलं जातं आणि नंतर कोणीतरी ते वाचू शकतं, म्हणून ठेवला. मी तो कधी चालू केला नाही. त्यांनी तो घेऊन जावा. यापलीकडे त्यांना काहीही नाही. त्यांनी ते मागूही नये.

कलम चार. धक्क्यावर आमिषांचं दुकान चालवणारे वेंडेल क्राउच यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. गेली कित्येक वर्षं ते दुकानाच्या खिडकीत दुर्बीण ठेवून आहेत. विचारलं तर म्हणतात, गरुड बघतो. आमच्या तळ्यावर गरुड आहेत हे खरं. पण गरुड आकाशात असतात आणि वेंडेल यांची दुर्बीण पाण्याला समांतर असते. काहीही न देण्याचं हे एकच कारण नाही. दुसरं शेवटी लिहिते.

कलम पाच. थारा.

वकीलबाईंच्या नमुन्यात प्रत्येक वस्तूची व्याख्या करायला सांगितली आहे, ती अशी. मासे थांबावेत म्हणून सीडरची झाडं सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून तळ्यात बुडवतात. अशा एका ठरावीक ढिगाला या कागदात 'थारा' म्हटलं आहे. तो कुठे आहे हे मी लिहिणार नाही. हा कागद वकीलबाईंच्या कचेरीत राहील आणि त्यांच्या नवऱ्याकडे बोट आहे.

थारा डॅडींनी टाकला. ते विजेच्या तारा ओढणारे होते, म्हणून झाडं दोराने नाही तर तांब्याच्या तारेने बांधायचे. दोर कुजतो, तार कुजत नाही. आमच्या लहान बोटीत डॅडी मागे वल्हं घेऊन बसत, मी पुढे आणि माझी थोरली बहीण नोरीन मध्ये. पुढे बसणाऱ्याला नवं पाणी मिळतं, पहिला मासा मिळतो, आणि वल्हं मारावं लागत नाही की ठोकळे उचलावे लागत नाहीत. मध्ये बसणारीला हे सगळं उलट. माझ्या झडपेमुळे मला पुढे बसवत हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं, आणि ते कोणी कधी बोललं नाही.

बारा वर्षांपूर्वी डॅडी गेले आणि बोट मला मिळाली. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे बटाट्याचं सॅलड वाढून घेत होते. मी नोरीनला म्हटलं, "बोट हवी असेल तर सांग. आपण ठरवू."

ती म्हणाली, "मला बोट नकोय, ट्रीव्ही. एकदा, फक्त एकदा, तुम्हा दोघांपैकी कोणीतरी विचारायला हवं होतं, नोरीन, आज तू पुढे बसतेस का?"

मी म्हटलं, "तू मागितलं नाहीस."

"हो ना," ती म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकींना रस्त्यात मान हलवण्यापुरत्या बहिणी आहोत.

थाऱ्यावर मात्र मी जात राहिले. माझ्याशिवाय ती जागा फक्त नोरीनला माहीत होती आणि ती कुणाला विकेल, कुणाला दाखवेल, या धास्तीत मी बारा वसंत काढले. बोट सरळ नेली नाही. आधी उलट्या दिशेला जायचं, तिथे खोटं खोटं मासे धरत बसायचं, मग धुकं असेपर्यंत वळायचं. कोणी शंभर हातांवर आलं की काठी उचलून पुढे.

मागच्या वसंतात माझी जिग थाऱ्यात अडकली. सोडवताना तिच्याबरोबर दुसरी एक वर आली. काळं अंग, केशरी डोकं, अजून रंग न उडालेली. म्हणजे तिथे कोणीतरी येत होतं. मी ती घरी आणून भिंगाखाली धरली. मानेवरचे धाग्याचे वेढे उलट्या अंगाने होते. डावखुऱ्या माणसाने बांधलेली जिग. आमच्या तळ्यावर जिग बांधणारं डावखुरं माणूस एकच आहे.

दुसऱ्याच सकाळी नोरीन वेंडेलच्या दुकानात कॉफी घेत उभी असताना मी ती जिग तिच्यासमोर काउंटरवर ठेवली.

"ही तुझी?"

तिने कप खाली न ठेवता बघितलं. "बरी बांधलीय. कुठं सापडली?"

"जिथं तुझं काही काम नव्हतं तिथं."

"तळं सरकारचं आहे, ट्रीव्हा. तुझ्या नावाचा कागद असला तर आण. मी वाचते. चष्मा आहे माझ्याजवळ."

वेंडेल म्हणाले, "बायांनो, हळू. दुकानात गिऱ्हाईक आहे."

"कुठंय गिऱ्हाईक?" नोरीन म्हणाली. "तो तुझा मेहुणा आहे, वेंडेल. फुकट कॉफी पितोय." मेहुण्याने कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "ती जागा डॅडींनी मला दिली."

"डॅडींनी तुला बोट दिली. जागेबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. मी तिथंच होते ना, मध्ये. मध्ये बसलं की दोन्हीकडचं ऐकू येतं."

"चोर ती चोर," मी म्हटलं. हे मी मोठ्याने म्हटलं आणि ते मेहुण्यासकट सगळ्यांनी ऐकलं.

नोरीनने कॉफी संपवली. पैसे ठेवले. जिग उचलली, गाठ लावायचा डोळा नखाने साफ केला आणि ती माझ्या कोटाच्या खिशात घातली. "ठेव," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरी चालते ती."

मग मी ठरवलं, थारा मोडायचा. मला नाही तर तिलाही नाही. हिवाळ्यात धरणातून तळ्याचं पाणी उतरवतात तेव्हा झाडं पाण्याच्या वरच्या थराजवळ येतात. जानेवारीत मी एकटी गेले, नांगर टाकून झाडांत अडकवला आणि ओढायला लागले. डॉक्टरांनी ओढायला मनाई केली आहे. डॉक्टर तिथे नव्हते. बऱ्याच वेळाने एक फांदी तुटून वर आली. मी ती बोटीत घेतली आणि धाप लागली म्हणून बसले. बसल्यामुळेच नीट बघितलं.

फांदी हिरवी होती. पानं जागच्या जागी. चोळली तर सीडरचा वास.

पाण्यातलं सीडर चार-पाच वर्षं टिकतं. मग फांद्या गळतात, नुसता खुंट उरतो, आणि खुंटाशी क्रॅपी थांबत नाही. हे मी लॅसीला दहा वेळा सांगितलं आहे. डॅडींना जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी थाऱ्यात एक काडी टाकलेली नाही. मला ठोकळे उचलवत नाहीत, आणि मासे मिळत होते, म्हणून मी विचारच केला नाही. मला वाटलं, हे तळं माझ्यावर माया करतं. संशय घेण्यात माझा हात धरणारं या गावात कोणी नाही, आणि मी नेमकी तळ्यावर विश्वास ठेवून बसले होते.

फांदीला तांब्याची तार होती. पीळ डॅडींसारखाच घट्ट, फक्त उलट्या अंगाने घातलेला.

आमच्या तळ्यावर न लिहिलेला एक नियम आहे. थारा कोणाचा? जो त्यात झाडं टाकतो त्याचा. जुनं कोणी टाकलं होतं याला किंमत नाही, ताजं कोणी टाकलं ते बघतात. या नियमाने थारा केव्हाचाच नोरीनचा आहे. आणि धुक्यात लपतछपत येऊन दुसऱ्याच्या थाऱ्यातले मासे नेणारी बाई मी आहे. तिला हे सगळा वेळ माहीत होतं. त्या दिवशी दुकानात एक शब्द बोलली असती तर मेहुण्यासमोर माझं तोंड बंद झालं असतं. ती बोलली नाही.

माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी: ती नियम जाणते, म्हणजे तिने जागा आपल्या नावावर करून घेतली. दुसरी शंका: तिला मला उपकाराखाली ठेवायचं होतं. तिसरी मी लिहीत नाही. त्या तिसऱ्या शंकेवर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

मी वेंडेलकडे गेले आणि सरळ विचारलं, "गरुडांव्यतिरिक्त काय काय बघितलंत?"

वेंडेलनी दुर्बिणीची काच पुसली, बराच वेळ पुसली. "दर वर्षी, ख्रिसमस उरकला की येते," ते म्हणाले. "गाडीत झाडं, ठोकळे. एकटीच उतरवते. एकदा मी म्हटलं, नोरीन, मी ट्रीव्हाला सांगू का? तर म्हणाली, सांगितलंस तर ती स्वतः टाकायला जाईल, आणि तिला वजन झेपत नाही."

"तुम्ही रचून सांगताय."

"मग रचलं समज. मासे मात्र तीही नेते, हां. तुझ्याहून जास्त नेते."

या शेवटच्या वाक्यामुळे मला आधीचं जरा खरं वाटलं.

तेव्हा थाऱ्याबाबत: जी वस्तू माझी नाही ती मी कोणाला देऊ शकत नाही. थारा या मृत्युपत्रातून वगळला आहे. जानेवारीत मोडलेली फांदी शेडच्या दारामागे ठेवली आहे. ती कोणी जाळू नये.

कलम सहा. बोट लॅसीला. विकू नये. पुढची बैठक मी नव्याने बांधून घेतली आहे.

कलम सात. माझी बहीण नोरीन हार्गिस बेट्स हिला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. एक गळसुद्धा नाही. हे विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलं आहे. वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. आता त्याचं कारण.

वकीलबाई सांगतात की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. साक्षीदार दोन लागतात, आणि मी सही करताना ते दोघेही एकाच वेळी हजर लागतात. त्यांनी असंही सांगितलं की लॅसी माझी एकुलती एक मुलगी. हा कागद मी केलाच नाही तरी घर, बँक, बोट सगळं तिलाच जाईल. मग खर्च कशाला करता, असं त्यांनी विचारलं. मला आधी वाटलं, या बाई कामचुकार आहेत. आता वाटतं, प्रामाणिक असाव्यात. रॉइसला पडदा देण्यासाठी मृत्युपत्र लागत नाही. तो मी त्यांच्या अंगणात टाकू शकते.

हा कागद मी केला तो त्याला साक्षीदार लागतो म्हणून.

वेंडेलना काही न देण्याचं दुसरं कारण तेच. पहिले साक्षीदार ते आहेत. त्यांच्याच हाती मी नोरीनला निरोप पाठवला. त्यांनी परत येऊन तिचे शब्द सांगितले: "तिला म्हणावं, साक्षीदार हवा तर पोस्टात माणसं रांगेत उभी असतात, त्यातलं एखादं धर." मी विचारलं, हसत म्हणाली का? वेंडेल म्हणाले, नाही. मी विचारलं, दार लगेच लावलं का? वेंडेलनी थोडा विचार केला. "नाही," ते म्हणाले. "लगेच नाही."

ठिकाण: मॅडॉक्स तळं, ब्लँडफर्डचा धक्का, केंटकी.

तारीख: मजकूर नऊ मार्चला पूर्ण केला. सहीची तारीख मोकळी आहे. डॉगवुडचं झाड फुलेल त्या पहिल्या शनिवारी, ऊन वर आल्यावर, सगळ्या गावाला दिसेल अशा वेळी.

लिहून देणार: ट्रीव्हा लिन हार्गिस. सही दोन्ही साक्षीदार समोर असल्याशिवाय करणार नाही.

साक्षीदार पहिला: वेंडेल क्राउच, आमिषांचं दुकान, ब्लँडफर्डचा धक्का. दुर्बीण दुकानात ठेवून येण्याचं कबूल केलं आहे.

साक्षीदार दुसरा: ____________

नोरीन, ही रेघ तुझी आहे. टेबल मांडणार नाही. बोट धक्क्याला बांधलेली असेल, वेंडेल आणि मी मागे बसू. कागदावर तुला मध्ये बसून सही करता येणार नाही, उभ्यानेही नाही. तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि वर काहीतरी टोचून बोलले असते. तरी विचारते, कारण आजवर कोणी विचारलं नाही.

नोरीन, त्या दिवशी तू पुढे बसतेस का?